टाच टेकत नाही

(श्रीरामपूर. शाळेत शिकवून आलेली ग्रेस आपल्या पाच महिन्यांच्या मुलीला, मारियाला, बूट घालते आहे. जन्मतः वाकडा पाय सरळ राहावा म्हणून दोन्ही बूट मधल्या सळईला जोडलेले. सासू साळूबाई दुधाजवळ उभी.)

ग्रेस : आई, इकडे या जरा. टाच बुटात टेकत नाहीये.

साळूबाई : पाय वाढला आसंल.

ग्रेस : वाढला असता तर बोटं पुढं टेकली असती. ही टाच वर चढलीये. मी शाळेत गेल्यावर बूट काढता का तुम्ही?

साळूबाई : थांब, दूध उतू जाईल.

ग्रेस : जाऊ द्या. काढता का?

साळूबाई : लई रडती गं. तू शाळंत आसती, तुला आयकू येत न्हाई. सळईत जखडलेलं लेकरू बघवत न्हाई मला. जरा मोकळं करते, तेल लावून पाय ओढते. मग झोपती बिचारी.

ग्रेस : कधीपासून?

साळूबाई : दात शिवशिवाया लागलेत तवापासून.

ग्रेस : आणि मी यायच्या आत परत घालता.

साळूबाई : तू बोलशील म्हनून. पन वाकडा पाय सरळ झालाय की आता. ओढला की येतो.

ग्रेस : येतो, आणि सोडला की मागं जातो. डॉक्टर दर आठवड्याला थोडाच वळवायचे आणि प्लास्टर घालायचे, ते कशाला? टाचेमागची शीर एका ओढीत लांब होत नाही, आई. ताणायची, त्याच ताणात निवांत राहू द्यायची. तेवढ्याची सवय झाली की मग पुढं. मोकळी सोडली की आखडते. तुमची माया तिच्या मुळावर येतेय.

साळूबाई : मी काय वैरीन हाय का तिची?

ग्रेस : तसं नाही म्हणत. मला भीती वाटतेय. पाय परत वळला तर ती वाकड्या पायानं चालेल. आणि तिला कुणाजवळ ठेवून शाळेत जाऊ, तेच कळेना झालंय.

साळूबाई : शेजारच्या शरिफाकडं ठिव.

ग्रेस : आई...

साळूबाई : खरंच सांगते. परकं लेकरू रडलेलं सोसतं मानसाला.

ग्रेस : उद्या रजा टाकते. नगरला डॉक्टरांकडं जायचं. बहुतेक परत प्लास्टर घालतील.

साळूबाई : लई रडंल.

ग्रेस : रडेल. मागच्या वेळी मला बघवलं नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते, नर्सनं धरलं होतं तिला.

साळूबाई : मी येते. माज्या मांडीवर दे. मी न्हाई तोंड फिरवायची.