रिस्कच्या बाजूनं

नको, बाजेवर नको, विराजराव — खुर्ची घ्या. हसू नका राव म्हटलं म्हणून, अरेतुरे बारामतीत, कॉलेजात — हे सणसर आहे, आणि आत आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, लसूण सोलताहेत. सोलण्याचा आवाज येतोय का? नाही ना? म्हणजे ऐकताहेत. मी त्यांना सांगितलंय, डिप्लोमाला एका बाकावर — एका वर्गात होतो, प्रोजेक्ट दोघांत होतं. तर काय म्हणत होता, कंपनीनं प्रोसेसर रिस्कच घेतला? खरंच? — काही न्हाय ओ आत्या, रिस्क म्हंजी धोका न्हवं, मशीनचं हाय ते! — बघा, दचकल्या. आपले सरही असेच दचकले होते. 'मुलीनं रिस्क कशाला घ्यायची, पंपाचा टायमर करा.' आणि आपण बसलो होतो पुढच्या व्हिडिओ गेमला कोणता प्रोसेसर लागेल ते ठरवत. आपल्या वर्गात गेम होता किती जणांकडं? एकाकडं, आणि तोही अर्धा वेळ बिघडलेला, आपणच उघडून ठेवलेला.

तुम्ही सिस्कच्या बाजूनं. एकच भारी हुकूम द्यायचा, आतल्या आत तो पाच कामं उरकेल, प्रोग्रॅम आटोपशीर, मेमरी कमी. मी रिस्कच्या. म्हणाले, मेमरी स्वस्त होत जाणार, तिच्यासाठी जीव काढू नका — हुकूम लहान करा, घड्याळाच्या एका ठोक्याला एक उरकला पाहिजे, उद्याच्या गेममध्ये चित्राचे हजार त्रिकोण फिरवायचेत. तीन दिवस भांडलो. पाइपलाइन तुम्हाला पटेचना, तेव्हा मी भाकरी आणली मधे — एक थापली जातेय, तेवढ्यात दुसरी तव्यावर, तिसरी निखाऱ्याला लावलेली. एका भाकरीला लागायचा तो वेळ लागतोच, पण दर थापणीला एक बाहेर पडते. तुम्ही वही मिटली आणि म्हणालात, बरं, तू जिंकलीस. तेव्हा मला भाकरी येत नव्हती हो. आता येते. आठ माणसांची पाइपलाइन एकटी चालवते, आणि मधेच कुणी ओरडलं, दूध उतू चाललं, की सगळं जिथल्या तिथं टाकून पळायचं, परत पहिल्यापासून. आपण अहवालात लिहिलं होतं ना — मधेच वाट बदलली की पाइपलाइन रिकामी होते? पान अठरा. चूल न पेटवता लिहिलं होतं, पण बरोबर लिहिलं होतं. आणि हुकूमही इथं लहानच असतात. पाणी दे. पदर घे. ये. जा. वाईट कुणी नाही हं घरात. हे कारखान्यात नोकरीला, शांत आहेत, माझ्यासाठी पेपर आणतात — मी काल सगळा वाचला, लग्नाच्या जाहिरातींसकट.

चहा घ्या ना, गार होतोय.

कंपनीच्या मुलाखतीला का आले नाही — तेच विचारायला आलात ना एवढ्या लांब? पत्र आलं नाही. दोघांनाच बोलावलं होतं ते मला आत्ता तुमच्याकडूनच — नाही, खरंच नाही आलं. काय? परत गेलेलं पाकीट तुम्ही पाहिलंत? तिथं, कंपनीत? शेरा मारलेला... हं. मग आलं असेल. अर्जावर नाव माझं जुनं लिहिलं होतं, दाखल्यावरचं, कुमारी सुधा दत्तोबा गावडे, आणि पत्ता इथला, कारण लग्नाची तारीख ठरली होती. मीच भरला तो. लग्नात ताटातल्या तांदळात यांनी अंगठीनं नाव लिहिलं, श्रिया. चांगलं आहे ना? मला आवडलं होतं. तर पोस्टमननं विचारलं असेल सुधा गावडे म्हणून, आणि आत्या म्हणाल्या असतील —

नाही. हळू बोलते. आत्या नाही म्हणाल्या.

आमच्या थोरल्या जाऊबाई आहेत, सरुबाई, त्यांचा एक खेळ असायचा. मी कामात असले की पाठीमागून हाक मारायच्या, 'सुधा!' मी ओ दिली की सगळ्या टाळ्या वाजवायच्या — 'औट! औट! अजून म्हायेरातच हाय की ही!' गंमतच हो, प्रेमानंच. पहिल्या महिन्यात मी दिवसातून दहादा औट. दुसऱ्यात एकदा-दोनदा. चौथ्या महिन्यात त्या पण कंटाळल्या, मी औटच होईना. आणि त्याच सुमाराला कुंडलिक पोस्टमन आला, अंगणात सायकल टेकवून म्हणाला, 'सुधा दत्तोबा गावडे हितंच का?' आत्या आत होत्या. मी उंबऱ्याशी, गहू निवडत होते. मान वर न करता म्हणाले, 'न्हाय ओ, हितं कुणी न्हाय त्या नावाचं.'

मुद्दाम नाही. मुद्दाम असतं तर बरं नसतं का? काही घाबरून, काही विचार करून म्हटलं असतं तर निदान मी म्हटलं असं झालं असतं. मला खरंच कुणी आठवलं नाही, विराज. आणि किती इथलीच होऊन बोलले — न्हाय ओ. आत्या आतून म्हणाल्या, पोरगी तयार झाली. संध्याकाळी परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं, आणि मग कळलं. हात तसेच पिठाचे, रस्त्यापर्यंत पळत गेले. तो अंथुर्ण्याच्या बाजूला केव्हाच निघून गेलेला. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाता आलं असतं, म्हणालात? आलं असतं. यांना सांगावं लागलं असतं. काय सांगायचं? हाक आली आणि मला वाटलं, दुसरीच कुणी आहे?

बरं. जागा तुम्हाला मिळाली, चांगलं झालं. सिस्कवाला माणूस रिस्कच्या खात्यात — मजा आहे. पान अठरा नीट वाचून जा.

काय?

अजून एक जागा आहे? सोमवारपर्यंत? मग हे येताक्षणी का नाही बोललात — एवढं सगळं माझ्याकडून काढून घेतल्यावर... नाही, नका. आत्यांना नका विचारू. त्या नाही म्हणतील म्हणून नाही हो. यांना विचारतील, हे म्हणतील, तिची इच्छा. मग सगळे माझ्याकडं बघतील. आणि माझ्या तोंडून काय निघेल ते मला आता ठाऊक नाही — कळतंय का तुम्हाला, मला ठाऊक नाही.

आले, आत्या! — तुम्ही निघा. नाही, तो फॉर्म ठेवू नका, न्या तो. न्या म्हणते ना. गाडी जाईल तुमची.