वेताच्या खुर्चीचं माप

ती: म्हणजे हा डबा स्वतः काहीच वाजवत नाही?

दुकानदार: नाही ताई. हा रिसिव्हर. टीव्हीतून आवाज घेतो आणि कुणाला काय द्यायचं ते ठरवतो. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरला, गाणं दोन्ही बाजूंना, पाठीमागून कुणी येत असेल तर मागच्या दोघांना. आणि धडामधुडूम सगळं त्या कोपऱ्यातल्या वूफरला.

ती: थोरल्या सुनेसारखं आहे. सगळ्यांची पानं वाढायची आणि आपण मात्र गप्प.

तो: बघा काका, समजलं हिला. आता तो वरच्या फळीवरचा काढा. नाही नाही, त्याच्या शेजारचा. जाड बटणाचा.

दुकानदार: दादा, तुम्ही तिसऱ्यांदा येताय. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती झालीय.

ती: तिसऱ्यांदा? मला म्हणालास, सहज चक्कर मारू.

तो: सहजच. तीन वेळा सहज.

ती: लग्न तोंडावर आलंय. नवऱ्यामुलाचा कोट अजून शिवून झालेला नाही, आणि नवरामुलगा स्वतः शिंपी आहे.

तो: कोट होईल गं. कोटाचं माप कुठे पळून जातंय? हा मागच्या वर्षीचा माल आहे, म्हणून आपल्या खिशाला परवडतोय. संपला की संपला. काका, ते स्टूल डगमगतंय, सांभाळून.

दुकानदार: रोजचं आहे हो. दोन मिनिटं द्या, पुढचे खोके बाजूला केल्याशिवाय निघत नाही तो.

ती: ते वर आहेत तोवर ऐक. मला तुझ्याशी बोलायचंय.

तो: आईंबद्दल?

ती: आईबद्दल. चहा पिताना बोलू म्हटलं तर तू मला इकडे ओढून आणलंस. मागच्या वेळी तुझं गिऱ्हाईक आलं. त्याआधी तुझ्या मशीनचा पट्टा तुटला.

तो: तुटलाच होता.

ती: तुटला असेल. पण मला झोप लागत नाही रे. मी तुझ्या दुकानावरच्या खोल्यांत राहायला आले की ती तिथे एकटी. परवा गॅसवाला दाराशी उभा राहून, बेल वाजवून वाजवून परत गेला. हिला पत्ता नाही. आतच बसली होती. उद्या पडली, कुणी मदतीला आलं, तर दार कोण उघडणार? आपल्याकडे चल म्हटलं तर म्हणते, माझं घर सोडून मी कुठेही यायची नाही.

तो: हट्टी आहेत.

ती: हट्टी आहे. पण तिचं काही चुकत नाहीये. मग उरतं एकच, आणि ते तुला विचारायला माझी जीभ रेटत नाही.

तो: काका उतरतायत.

ती: तू ना.

तो: हे होऊ दे. मग तू म्हणशील तितका वेळ बोलू. शपथ.

ती: मी गाडी शिकवते, तेव्हा माझ्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक असतो. तुझ्यासाठी पण एक बसवून घ्यायला हवा.

दुकानदार: हं, हे बघा. आले दोघं. दोन्ही तुमच्या बजेटातले. हा सात स्पीकरांचा, वॅट जास्त, दिसायला एकदम रुबाबदार. लोक हाच नेतात. आणि हा पाचांचा. जरा साधा, पण याच्यासोबत हा एवढासा माईक येतो.

ती: माईक कशाला? भाषण करायचंय?

दुकानदार: भाषण नाही ताई, हा ऐकतो. तुम्ही जिथे बसणार तिथे हा ठेवायचा आणि सगळ्यांनी गप्प राहायचं. रिसिव्हर एकेका स्पीकरमधून टुक टुक करतो. माईक ऐकतो, कोण जवळ आहे, कोण लांब. त्यावरून तो जवळच्याला जरा दाबतो, लांबच्याला चढवतो, आणि त्या जागी बसलेल्या माणसाला सगळं सारखं येतं.

तो: बघितलंस? अंगावर माप घेऊन बेततो तो. आणि हा सातवाला तयार कपडा. खांद्यात बसला तर बसला.

दुकानदार: अगदी बरोबर बोललात. पण खरं सांगू का, टीव्हीच्या बरोबर समोर बसणार असाल तर माईक नसला तरी चालतं. मग सातवालाच न्या.

तो: समोर नाही बसायचं.

ती: का? तुझ्या खोलीत टीव्हीसमोरची जागा सोडली तर दुसरीकडे पाय ठेवायला जागा नाही.

तो: पाचवाला वाजवून दाखवा काका. आणि मारामारी नको. नुसतं बोलणं.

ती: तुला मारामारी नको? मागच्या सिनेमात तर तू खुर्चीतून अर्धा उठला होतास.

तो: बोलणं समजलं नाही तर माणसं कशावरून हाणामारी करतायत ते कसं समजणार? लावा.

(दुकानदार दार ओढून घेतो. अंधाऱ्या खोलीत टीव्हीवर एक बाई आणि एक पुरुष हळू आवाजात बोलू लागतात. मग जिन्यावर पावलं वाजतात.)

ती: कोण आलं?

दुकानदार: कुणी नाही ताई. मागचा डावा स्पीकर.

ती: मी मान वळवली. अरे, मी खरंच मान वळवून बघितलं.

तो: मीपण पहिल्या दिवशी बघितलं होतं. पुन्हा लावा, पुन्हा लावा. आता ती कुजबुजते ते ऐक. आत्ता. ऐकलंस?

ती: ऐकलं. 'किल्ली त्याच्याकडेच आहे.' अक्षर न् अक्षर. आणि आवाज मोठा नाहीच आहे.

दुकानदार: मोठा आणि स्पष्ट, यात फरक आहे.

ती: आमच्या आईला सांगा ते. ती टीव्ही एवढा मोठा लावते की खालच्या मजल्यावरचे भांडायला वर येतात, आणि वर आलेले तिला ऐकू येत नाहीत.

दुकानदार: वयस्कर माणसांचं असंच होतं. ऐकू येतं, पण शब्द सुटे होत नाहीत, गाण्यात मिसळून जातात. मग ते सगळंच वाढवत बसतात. यात नुसतं बोलणं वर काढायचं बटण आहे. बाकीचं जिथल्या तिथे.

तो: ते बटण रिमोटवर आहे? केवढं आहे? चष्मा न लावता दिसेल?

ती: तुला कुठे चष्मा आहे?

तो: लागेल की. सुईत दोरा ओवून ओवून कुणाचे डोळे राहिलेत? दाखवा काका. हे? हे मोठं आहे. हे चांगलं आहे. यावर मी लाल कापडाची चकती चिकटवीन.

ती: किती खूश झालाय बघा. काका, मी लग्नाला होकार दिला तेव्हा हा एवढा खूश नव्हता.

तो: तेव्हा मी घाबरलो होतो.

दुकानदार: वायरीचं बघू या? खोलीचं माप आणलंय का?

तो: तोंडपाठ आहे. टीव्हीची भिंत चौदा फूट. समोरासमोर सोळा.

ती: चौदा? तुझी अख्खी खोली दहाची नाही.

तो: लिहा काका. डाव्या हाताला मोठी खिडकी, खाली कट्टा. उजवीकडे सोफा, त्याच्या पलीकडे बाहेरचं दार. मागे भिंत नाही, कमान आहे. कमानीतून स्वयंपाकघर. म्हणून मागचे दोघं टांगता येणार नाहीत, स्टँडवर ठेवावे लागतील.

ती: काका, लिहू नका. अरे, कमान कुठून आली? तुझ्या मागे भिंत आहे आणि भिंतीवर लोकांच्या पँटी लटकतायत. याचं माप चुकलंय. जन्मात पहिल्यांदा.

दुकानदार: दादा, नीट आठवा हं. वायर एकदा कापली की मला परत घेता येत नाही.

तो: चुकलं नाही. दोनदा घेतलंय. कपाटामागून टेप सरकवताना हात खरचटला, हा बघा. आता बसायची जागा. खिडकीपासून दोन फूट, टीव्हीपासून आठ. बैठक बुटकी आहे, त्यामुळे कान खाली येतो. तिथे स्टुलावर माईक ठेवून चालणार नाही, खुर्चीवरच ठेवावा लागेल. वेताची खुर्ची. पाठीला निळी उशी.

ती: निळी उशी.

दुकानदार: खिडकीला टेकून म्हणजे डावा स्पीकर अगदी कानाशी आणि उजवा पार तिकडे. खुर्ची जरा मध्ये सरकवली तर?

तो: ती हलणार नाही. विचारून झालंय.

दुकानदार: कुणाला?

तो: खुर्चीत बसतात त्यांना.

ती: तू आमच्या घरी कधी गेलास?

तो: ते गिअर न टाकता गाडी चालवायला बघणारे रिटायर्ड मास्तर शिकतात ना तुझ्याकडे, त्यांना घेऊन तू गेली होतीस. तेव्हा. आईंच्या स्वेटरची बाही उसवली होती, ती शिवून द्यायला गेलो.

ती: आणि खोली मापलीस.

तो: आधी विचारलं. मग मापली.

ती: काय विचारलंस?

तो: म्हटलं, लग्नानंतर आम्ही दोघं इथे राहायला आलो तर चालेल का.

दुकानदार: मी जरा चहाचं बघून येतो.

तो: थांबा हो काका, वायर राहिलीय.

ती: तू तिला हे विचारलंस. तू.

तो: हळू आवाजात विचारलं आधी, व्यवस्थित, आदराने. त्यांना ऐकूच आलं नाही. मग ओरडून विचारलं. खालच्या मजल्यावरच्यांना तुझ्या आधीपासून माहीत आहे.

ती: म्हणून ती खालची बाई जिन्यात माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, माझ्या केसांना काही लागलंय.

तो: तीच.

ती: आणि आई? ती काय म्हणाली?

तो: आधी बाही बघत बसल्या, टाका कुठे घातलाय ते शोधत. मग म्हणाल्या, विचार करून सांगते, तोवर हिला सांगू नको. मी कसा दम धरलाय ते मला माहीत. तू तोंड उघडलंस की मला मशीनचा पट्टा तोडावा लागायचा.

ती: म्हणजे तोडला होतास.

तो: एकदाच. आज सकाळी फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाल्या, 'या. पण माझी खुर्ची हलणार नाही.' आणि ठेवून दिला.

ती: एवढंच म्हणाली?

तो: एवढंच. मी दुकानाला कुलूप घातलं आणि तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलकडे पळत आलो.

ती: मी रोज रात्री छताकडे बघत पडते. याला कसं विचारू, नाही म्हणाला तर काय करू, हो म्हणून नंतर मनातून कुढत राहिला तर काय करू. आणि तू पट्टे तोडत होतास. मला राग आलाय तुझा. हे लक्षात ठेव, घरी गेल्यावर भांडणार आहे मी.

तो: भांड. आता रडतेयस ते कशाला?

ती: रडत नाहीये. दुकानात धूळ किती आहे.

दुकानदार: धूळ आहे हो ताई. या वरच्या फळीवर तर फारच.

ती: आणि लोक? घरजावई म्हणतील तुला.

तो: म्हणू देत. आत्ता म्हणतात, दिलेल्या दिवशी कपडे देत नाही. ते तरी खरं आहे.

ती: आणि तुझ्या खोल्या? किती हौसेने रंग दिलास तू.

तो: तिथे कापायचं मोठं टेबल टाकतो. जमिनीवर बसून बेतता बेतता गुडघे बोलायला लागलेत. आणि हे बघ, मी काही उपकार करत नाहीये तुमच्यावर. मी इतकी वर्षं एकटा राहतोय. माझ्या घरात कुठलीही वस्तू कुठेही ठेवली तरी कुणी काही म्हणत नाही. त्यांनी जेव्हा सांगितलं ना, खुर्ची हलणार नाही, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. खरंच सांगतो. फोन ठेवून एकटाच हसत बसलो.

ती: वेडा आहेस.

तो: आहे.

दुकानदार: चुकत नसेन तर सातवाला मी परत वर ठेवू?

ती: ठेवा. माईकचाच द्या. आणि ती कुजबूज पुन्हा एकदा ऐकवा मला, जाता जाता.

दुकानदार: ऐकवतो. एक सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. माईक खुर्चीवर ठेवून माप घेतलंत की खुर्चीत बसलेल्याची मजा. सोफ्यावर आवाज वाकडा येणार. त्यातही दाराकडच्या टोकाला सगळ्यात वाईट. उजवा स्पीकर तिथे कानात ओरडेल. काही लोक दोन्ही जागांचं माप घेऊन मधला मार्ग काढतात. तसं करायचं?

ती: नको. माप खुर्चीचंच घ्या. आम्ही ऐकू वाकडं.

तो: ही अशी आहे बघा. मी म्हणायच्या आत.

ती: काका, एक विचारू? दाराची बेल वाजली तर ते या डब्यातून ऐकू येण्याची काही सोय आहे?

दुकानदार: तेवढं मात्र यात नाही ताई.

तो: दाराकडच्या टोकाला मी बसेन.