काळ्या दगडाचं तोरण

हसू नका, एक इंग्रजी मासिक माझ्या दोऱ्याने वाचलंय. संपात गिरणी सुटली आणि मी फोर्टात भूशास्त्राच्या मासिकाकडे शिपाई लागलो. कुणाला एखाद्या लेखाची प्रत हवी असली की परदेशातून कार्ड यायचं. संपादक सर प्रत धाडायचे आणि कार्ड रद्दीच्या टोपलीत टाकायचे. मला ते बघवेना. पाकिटं मीच भरायचो, त्यामुळे कुठलं कार्ड कुठल्या लेखाचं ते कळायचं. प्रत्येक लेखाला मी वेगळा दोरा केला आणि तोरणासारखी कार्डं ओवत गेलो.

एक दिवस वरचे साहेब आले. "हे वाचतं कोण? बंद करा."

मी कपाट उघडून सगळ्यात लांब दोरा काढला. "साहेब, हे टोक धरा."

मी मागे सरकत दारापर्यंत गेलो, जिना उतरलो, तरी दोरा संपेना. वर साहेब वाचत होते, "जपान... रशिया... ब्राझील..." बंदची गोष्ट तिथेच मिटली.

मी सरांना विचारलं, "एवढं काय आहे त्या लांब दोऱ्याच्या लेखात?"

"आपला काळा दगड, तात्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो आग होऊन वाहत आला. तुमच्या चाळीची पायरीही त्याचीच असेल."

संध्याकाळी काळाचौकीला चाळीच्या पायरीवर उभा राहिलो आणि वाकून तिला हात लावला. बायको फडकं घेऊन आली. "काय हरवलं?"

"हिची चौकशी जपानातून होतेय."

"होऊ दे. आधी पाय काढा, पुसायचीय."

मी वहाणा हातात घेतल्या आणि अनवाणी वर चढलो.