तपकिरी हॅट आणि एक निरोप

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या सोसायटीच्या चेअरमन माननीय रत्नप्रभाताई. प्रमुख पाहुणे आणि आपल्या पुनर्विकासाचे बिल्डर माननीय यज्ञेशजी. सत्कारमूर्ती विद्याधरकाका, सुलक्षणाकाकू. आणि दर रविवारी सकाळी याच खोलीत डोक्यावर हॅट चढवून जॅझ ऐकणारे आमचे टोपी मंडळ, तुम्हा सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी अक्षता. चारकोपमध्ये ज्यांच्या घरी नळ गळतो ते सगळे माझ्या बाबांना, रतन प्लंबरला, ओळखतात. मंडळात सगळ्यात लहान म्हणून आज मी बोलावं असं ठरलं. निदान मला तसं सांगितलं गेलं. मोठ्यांपैकी कुणीच तयार का झालं नाही, हे मी विचारलं नाही.

आमच्या मंडळाबद्दल दोन शब्द. आम्ही टोप्या घालतो, पण फक्त स्वतःला! (हसलात, बरं वाटलं.) विद्याधरकाकांकडे फेल्ट हॅट आहेत, साहेबी सोला हॅट आहेत, त्यांच्या वडिलांची गिरणीत जायची काळी टोपीसुद्धा आहे. चावीची घड्याळं आहेत, कॅरम आहे, आणि जॅझच्या रेकॉर्डी. तरुणपणी काका जुहूच्या एका हॉटेलात बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्या गोवेकर बँडमास्तरांनी बँड सोडून जाताना आपली तपकिरी हॅट त्यांच्या डोक्यावर ठेवली. काका ती फक्त रविवारी घालत.

मी बी.ए. झाले तेव्हा घरात पहिल्यांदाच कुणीतरी पदवीधर झालं होतं. समारंभातल्या चौकोनी टोपीची मला फार भीती, डोक्यावर नीट बसेल का म्हणून. काका म्हणाले, "हॅटच मां ती? कोपरे आसत इतक्याच." मग त्यांनी मला हॅट घालायला, काढायला आणि ठेवायला शिकवलं. हॅट नेहमी उलटी ठेवायची. हॅटचा माथा खाली, काठ वर, म्हणजे काठ दबत नाही. जो मंडळात आला तो पहिली गोष्ट ही शिकला. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं. तो हॅट सरळ ठेवतो.

आणि जॅझ? मला आधी तो गोंधळच वाटायचा. काका म्हणाले, "नीट ऐक. एक वाद्य काहीतरी म्हणतं, दुसरं त्याला उत्तर देतं. उत्तर न देता गप्प बसला तर तो कसला वाजवणारा?"

आता बॅनरकडे बघा. आपण ठरवला होता काकांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा सत्कार. बॅनरवर छापलंय, 'श्री. विद्याधर यांचा निरोप समारंभ'. सकाळी काकांनी ते वाचलं आणि मला विचारलं, "अगो, मी खंय जातंय?"

बॅनर आणणाऱ्या सौरभला मी विचारलं. सौरभ आमच्या मंडळातलाच.
"अगं, सत्कार काय नि निरोप काय, एकच ना यार."
"एकच कसं?"
"मला नको विचारू. मजकूर तसाच आला होता."
"कुठून?"
तो खुर्च्या लावायला निघून गेला.

आपल्या मराठीत हा शब्द मोठा गमतीचा आहे. निरोप देऊन माणसाला पाठवतात, आणि निरोप माणसाकडे पाठवतातही. हा यातला कोणता?

यज्ञेशजी, आपण पाहुणे आहात, राग मानू नका. पुनर्विकासाच्या करारावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, काकांची तेवढी राहिली. ते हट्टी आहेत का? मागच्या मीटिंगमध्ये त्यांनी एवढंच म्हटलं, "नकाशात ही सार्वजनिक खोली दाखवा, मी इथेच सही करतो." नवीन नकाशात ही खोली नाहीच. तिथे गाड्या उभ्या आहेत. तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "टोप्या घालून गाणी ऐकायला खोली पाहिजे?" काका म्हणाले, "मग काय रस्त्यावर लुंगी नेसून ऐकू?" सगळे हसले. मीही हसले. ते सगळ्यांनी मिळून हसणं शेवटचं.

त्यानंतरच्या रविवारी या खुंटीवरून तपकिरी हॅट गेली. आम्ही कॅरमच्या बोर्डाखालीसुद्धा शोधली. आठवडा गेला. मग एका सकाळी सुलक्षणाकाकूंनी दार उघडलं तर हॅट उंबऱ्यावर. त्या आनंदाने ओरडल्या, "अहो, तुमची हॅट गावली!" आणि वाकल्या. मग म्हणाल्या, "पण ही उचलना कशी नाय?"

हॅटमध्ये काठोकाठ सिमेंट भरलं होतं. सुकलेलं. वरून थापीने छान गुळगुळीत केलेलं.

काकांनी वाकून तिच्या काठावरून बोट फिरवलं. म्हणाले, "उलटी ठेवलीय. काठ दबला नाय."

मंडळी, ते वाक्य ऐकल्यापासून मी तुमच्याकडे पूर्वीसारखं बघू शकत नाही. ज्याने ती ठेवली त्याचं नाव मला माहीत नाही. पण त्याला हॅट ठेवायला काकांनी शिकवलंय, आणि मंडळातला एकही माणूस आज गैरहजर नाही. आपण सत्काराला टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या असतील.

काकांनी तक्रार करायची नाही असं ठरवलंय. "आपलीच माणसा," म्हणतात. त्यांचा मान ठेवून मीही आरोप करत नाही. फक्त उत्तर देते. निरोप पोचला. आमचा उलट निरोप असा: या खोलीची जागा नकाशात आली की सही होईल. तोवर रविवार सकाळ इथेच. मंडळातला एक जण रोज काकांच्या घरी राहील. पहिली पाळी माझी आणि बाबांची.

आणि एक विनंती. टोपी काढून निरोप देतात. मघाशी बॅनर वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सवयीने हॅट काढून दाराजवळच्या टेबलावर ठेवल्यात. सगळ्या उलट्या, शिस्तीत. बाहेर पडताना आपापली हॅट उचला, डोक्यावर घाला आणि काका-काकूंना घरापर्यंत सोडायला चला.

शेवटी टेबलावर एक हॅट उरेल. तपकिरी. ती मीच आणून ठेवली आहे. ज्याचा निरोप असेल त्याने ती परत न्यावी. जड आहे, दोन्ही हात लागतील.

रत्नप्रभाताईंनी मला बोलू दिलं, यज्ञेशजी शेवटपर्यंत बसून राहिले, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर लहान समजून पोटात घाला.

काका, उठा. ही घ्या तुमच्या वडिलांची काळी टोपी. घाला. घरी जाऊया.