भीमेची मोजणी कुठून?

अहो, त्या बसवराजशी माझं दिवसभर कडाक्याचं भांडण चाललं होतं. तो कर्नाटकचा, मी इंदापूरचा. दोन राज्यांच्या पाणीवाटपात भीमेचं पाणी कुणाला खरोखर किती मिळतं, याचा अभ्यास आम्ही दोघं मिळून आखत होतो. मोजणी कुठून सुरू करायची, इथंच गाडी अडली. मी म्हणायचो धरणापासून, तो म्हणायचा खाली त्याच्या गावापासून.

संध्याकाळी धरणात साठलेलं पाणी बघायला भिगवणला बोटीत बसलो आणि मधेच इंजिन बंद पडलं.

"तापलंय, सायेब. बसा जरा गप," नावाडी म्हणाला.

बोट आपली आपण तरंगत राहिली. आभाळ कुठं संपतं नि पाणी कुठं सुरू होतं, कळेना. बसवराजनं गावाकडं आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्यावरून हळूहळू फिरवला. मग ती कानडीत काहीतरी बोलली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतेय, हे आपल्याच नदीचं ना? इथं तर नुसती वाळू उरलीय. येताना थोडं घेऊन ये."

काठाला लागल्यावर मोजणीची पहिली जागा मीच लिहिली. त्यांच्या गावचा घाट.