टिकल्यांचा कोट

नाट्यगृहाच्या दारापाशी रांग लागली होती. रांगेतल्या एका नर्सबाईंच्या कानावर मागे उभ्या असलेल्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

"बाबा, सगळे तुमच्याकडेच बघताहेत."

"बघू देत की! कोट आहेच तसा."

"अहो, सत्तरीत कोणी चमचमत्या टिकल्यांचा कोट घालतं का? तोही सोनेरी!"

"एकेक टिकली मी स्वतः शिवलीये. बोटांची चाळण झाली."

"पण कशासाठी?"

"मागच्या कार्यक्रमानंतर तुझी आई घरी येऊन विचारते, 'तुम्ही आला होतात ना हो?' मी समोर बसून हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या, आणि हिला पत्ताच नाही!"

"तिच्या डोळ्यांवर दिवे असतात, बाबा. खाली तिला नुसता अंधार दिसतो."

"म्हणूनच तर! आज त्या अंधारात काहीतरी चमकेल. तिला कळेल, आपला माणूस बसलाय."

लेकीनं रांगेतल्या लोकांवरून नजर फिरवली.

"आणि कोणी विचारलंच, हे कोण, तर काय सांगू?"

"ताठ मानेनं सांग. ती ड्रम वाजवणारी आहे ना, तिचा नवरा!"

नर्सबाईंना राहवेना. त्यांनी वळून पाहिलं, तर लेक बापाची कॉलर नीट करत होती.

"हलू नका, बाबा. खांद्यावरची एक टिकली सुटत आलीये. माझ्या पर्समध्ये सुईदोरा आहे."