खालची ओळ

नवनाथ : टेप सोडू नकोस. तिकडचं टोक भिंतीला टेकव.

स्नेहा : टेकवलंय. आठ फूट एक इंच. मघाशीही तेवढंच होतं.

नवनाथ : मध्येच भिंत सरकली असेल तर, म्हणून.

स्नेहा : तीनदा मोजून झालं. आता मोजू नका, अडकवा. उद्या अकराला आईचा डिस्चार्ज आहे.

नवनाथ : दोनच हूक राहिलेत. ड्रिल दे इकडे. आणि तुझा तो कागद कुठे गेला?

स्नेहा : गॅरेजच्या शटरला चिकटवलाय. हिरवी पट्टी म्हणजे खाट. पिवळ्या पाच म्हणजे तुमच्या सायकली.

नवनाथ : आपल्या.

स्नेहा : बरं, आपल्या. पश्चिमेच्या भिंतीवर चार. वरच्या ओळीत माझी आणि तुमची डोंगरावरची. खालच्या ओळीत वैष्णवीची आणि दादांची काळी. तुमची रेसची शटरच्या कोपऱ्यात, पुढचं चाक वर करून.

नवनाथ : आलेख कागदावर खाट कापून ठेवणारी बायको कुणाला मिळते.

स्नेहा : अकरावीच्या पोरांना करायला लावते मी हे. सायकली भिंतीपासून दीड फूट पुढे येतात, खाट तीन फूट. मध्ये साडेतीन राहतात. वॉकर दोन फुटांचा आहे. वळायला पुरतं.

नवनाथ : हँडलं आडवी केली तर अजून चार इंच मिळतील.

स्नेहा : ते धरलेत मी. आणि आतल्या बाजूचं पेडल काढायचं आहे, तेही धरलंय.

नवनाथ : मग मला कशाला बोलावलं?

स्नेहा : भोक पाडायला.

नवनाथ : हं. धूळ उडेल, तोंड फिरव. सकाळी जयराम आला होता ना गं दवाखान्यात?

स्नेहा : आला होता. पाच मिनिटं बसला. "ताई, आमच्याकडं ओट्याला पाच पायऱ्या, आन् संडास अंगणाच्या पार त्या टोकाला. तूच बघ."

नवनाथ : खोटं तर नाही बोलला.

स्नेहा : खोटं नाहीच. म्हणून तर भावावर रागावता येत नाही. आई सायखेड्याला नेली तर रात्री दोनदा अंगण ओलांडायचं, त्या पायाने. इथे नाही मावली तर तिकडेच जावं लागेल. दुसरी जागा नाही.

नवनाथ : मावतील. हा बघ, झाला एक. तुझं तोंड किती उतरलंय. पेपर झाले तपासून?

स्नेहा : चाळीस राहिलेत. काल दवाखान्याच्या बाकावर सहा तपासले आणि सातव्यावर झोप लागली. फोन वाजतोय. आई आहे. हॅलो, थांब, स्पीकरवर लावते, हात धुळीचे आहेत.

भीमाबाई : स्नेहे, जेवली का?

स्नेहा : जेवेन. तू?

भीमाबाई : आणली हुती खिचडी. मीठच नाय त्या खिचडीला. जावईबापू हायेत का तिथं?

नवनाथ : आहे ना, आई. तुमची खोली तयार होतेय.

भीमाबाई : लय तरास झाला तुम्हाला माझ्या पायी. रविवारचं घरी निजायचं सोडून.

नवनाथ : रविवारी मी घरी असतो कधी? सायकलवर असतो. आज निदान हिच्या नजरेसमोर तरी आहे.

भीमाबाई : सायकली काढल्या का काय बाहीर? माझ्यापायी काही काढू नका.

नवनाथ : नाही, नाही. भिंतीवर चढवल्या. तुम्ही खाली, त्या बाजूला.

भीमाबाई : बरं. उशी कुनीकडं येती?

स्नेहा : मागच्या भिंतीला. म्हणजे संडासाचं दार जवळ पडतं तुला.

भीमाबाई : मागची म्हंजी कोनती? तुमचं तोंड तर दक्षिणेला हाय ना घराचं?

स्नेहा : हो.

भीमाबाई : मग उशी उत्तरेला आली.

स्नेहा : आई…

भीमाबाई : नाय, मी आपलं इचारलं. तुझ्या बापाला तसं ठिवलं हुतं ओसरीवर, उत्तरेला डोकं करून, तुम्ही नाशकाहून येईस्तोवर. म्हणून इचारलं.

स्नेहा : आई, ऐक…

भीमाबाई : आसू दे गं. किती दिस ऱ्हायचंय. तुमची सोय व्हईल तसं टाका. नर्सबाई आली, ठिवते.

नवनाथ : ठेवला?

स्नेहा : ठेवला.

नवनाथ : एवढंच ना? उशी फिरव. खाट तिथेच राहू दे, डोकं शटरकडे.

स्नेहा : नाही होत.

नवनाथ : का? उशी आहे ती, कपाट नाही.

स्नेहा : ऑपरेशन उजव्या खुब्याचं आहे. फिजिओवाल्या बाईंनी बजावलंय, उजव्या अंगानेच उतरायचं. डोकं उत्तरेला असलं की उजवी बाजू पश्चिमेला, म्हणजे मोकळ्या जागेकडे. उशी फिरवली की उजवी बाजू पूर्वेला. तिकडे भिंत.

नवनाथ : मग खाट पश्चिमेला सरकव. पूर्वेला मोकळं होईल.

स्नेहा : पश्चिमेला सायकली आहेत. खाट त्यांना चिकटेल. खालची ओळ बरोबर खाटेच्या उंचीला आहे. झोपेत कूस बदलली की चेन आणि पेडल थेट अंगात.

नवनाथ : सायकली पूर्वेच्या भिंतीवर घेऊ.

स्नेहा : ती चार इंची आहे. पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. दादांची एकटी बावीस किलो आहे, बोल्टासकट त्यांच्या ओट्यावर जाईल.

नवनाथ : आडवी खाट?

स्नेहा : मग वॉकर जात नाही. मी हे सगळं आत्ता मनात फिरवून बघितलं, तुम्ही विचारायच्या आधी.

नवनाथ : वर गच्चीवर नेऊ दोन. ताडपत्री टाकून.

स्नेहा : दोन जिने. तुमची कंबर. आणि मागच्या वर्षी पोर्चमधून कुलपासकट गेली ती आठवते ना? गच्चीला तर कुलूपही नाही.

नवनाथ : …तू मला आधी का नाही सांगितलंस, त्या असं मानतात म्हणून?

स्नेहा : मला सुचलंच नाही. तेच तर. वॉकर मोजला, दाराची उंची मोजली, खाटेखाली भांडं ठेवायला किती जागा ते मोजलं. तिला विचारलं नाही, तू झोपतेस कशी. लहानपणी रोज अंथरूण घालायचे मी तिचं. उशी फिरवून ठेवायची बिशाद नव्हती. आता वर्गात मुलं विचारतात, मॅडम, उत्तरेला डोकं केल्यावर खरंच रक्त ओढलं जातं का. मी सांगते, पृथ्वीचं चुंबकत्व इतकं क्षीण आहे की रक्ताला त्याचा पत्ताही लागत नाही. वीस वर्षं हेच सांगते. सांगता सांगता विसरले, कुणी मानत असेल म्हणून.

नवनाथ : बस जरा. त्या स्टुलावर बस.

स्नेहा : बसले तर उठणार नाही.

नवनाथ : एक बोलू? रागावू नकोस. त्यांना म्हणायचं, फिरवली उशी. खिडकी नाही इथे. शटर निम्मं खाली. त्यांना काय कळणार उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे?

स्नेहा : सत्तर वर्षं शेतात गेलीत तिची. शटरखालून ऊन कसं आत येतं त्यावर सांगेल.

नवनाथ : आणि नाहीच कळलं तर?

स्नेहा : तरी नको.

नवनाथ : तू तर मानत नाहीस.

स्नेहा : मी नाही मानत. झोपायचं तिला आहे. पडून पडून छताकडे बघत राहील आणि आप्पांना ओसरीवर ठेवलं होतं ते आठवेल. त्यात ही लेकीच्या घरी आलेली. पाणी हवं असलं तरी मागणार नाही. आपण विचारलं तर "आसू दे" म्हणेल. कशालाही तेच म्हणेल. म्हणून तिला आता काही विचारायचं नाही.

नवनाथ : मग खाट पश्चिमेला घ्यायची, आणि सायकलींची खालची ओळ जाते.

स्नेहा : जाते.

नवनाथ : दोन.

स्नेहा : एक माझी. वरची तिची जागा खालच्या एकीला होईल. चार वर्षांत हवा भरली नाही तिच्यात. तुम्ही वाढदिवसाला आणलीत तेव्हाच म्हणाले होते, मी बसणार नाही म्हणून.

नवनाथ : सोमेश्वरपर्यंत आली होतीस एकदा.

स्नेहा : आणि परत रिक्षाने आले होते. सायकल तुम्ही आणलीत, एका हाताने ओढत.

नवनाथ : हो. धबधब्यावर कणीस खाल्लं होतं.

स्नेहा : आता दुसरी. ते मी सांगणार नाही. तुम्हीच ठरवा.

नवनाथ : वैष्णवीची दिली तर दिवाळीला आल्यावर दोन दिवस बोलणार नाही माझ्याशी.

स्नेहा : पुण्याहून येते तेव्हा पोरगी सायकलला हातही लावत नाही.

नवनाथ : लावत नाही, पण आहे का ते बघते. मी पाहिलंय. आल्या आल्या बॅग ठेवायच्या आधी खाली डोकावते.

स्नेहा : मग डोंगरावरची?

नवनाथ : दादांची.

स्नेहा : दादांची नका देऊ.

नवनाथ : का?

स्नेहा : वडिलांची म्हणून दर रविवारी तेल घालता तिला.

नवनाथ : तेल घालतो, चालवत नाही. गुडघे हँडलला लागतात. दादांनी निफाडहून साखर कारखान्यापर्यंत तीस वर्षं ये-जा केली तिच्यावर. त्यांनासुद्धा आवडलं नसतं, सायकल भिंतीला टांगलेली. कंपनीतला मल्हारी दोनदा म्हणाला, साहेब, काढायची असली तर मला सांगा. सातपूरहून चालत येतो तो, नाइट शिफ्टला.

स्नेहा : विचार करा आज. उद्या सांगा.

नवनाथ : उद्या त्या येणार. पाना दे, दहा नंबरचा. हूक आत्ताच लावलेत, लगेच निघतील.

स्नेहा : मला वाईट वाटतंय.

नवनाथ : मलाही वाटतंय. पाना दे.

स्नेहा : हा घ्या.

नवनाथ : एक सांग. शटर नक्की दक्षिणेला आहे ना? की आपण बिल्डरच्या नकाशावर विश्वास ठेवलाय? नाहीतर एवढं करून उशी भलतीकडे.

स्नेहा : पर्समध्ये होकायंत्र आहे. शुक्रवारी प्रॅक्टिकल होतं, तसंच राहिलंय.

नवनाथ : आण मग. इथेच बघू.

स्नेहा : इथे नाही. आधी सायकली बाहेर काढा. एवढं लोखंड जवळ असलं की सुई खरं सांगत नाही.

(शटर वर जातं. थोड्या वेळाने.)

नवनाथ : काय म्हणते?

स्नेहा : दक्षिणच. किंचित पूर्वेकडे झुकलेली. चालेल.

नवनाथ : खाट धर तिकडून. उचल. हळू. झालं. आता उशी ठेव.

स्नेहा : ठेवली. पुन्हा तिचाच फोन.

भीमाबाई : स्नेहे, मघा मी उगाच बोलले. माझ्या त्वांडाला काही बांध नाय. ऱ्हाऊ दे जशी हाय तशी खाट.

स्नेहा : फिरवली, आई. उशी दक्षिणेला घेतली. होकायंत्र लावून बघितलं.

भीमाबाई : काय लावून?

स्नेहा : सुई लावून बघितलं.

भीमाबाई : आन् सायकली? जावईबापूंच्या सायकली कुठं गेल्या मग?

नवनाथ : बसल्या की, आई. सगळ्या बसल्या. हिने नकाशाच असा काढलाय.

भीमाबाई : खरं का गं, स्नेहे?

स्नेहा : …हो.

भीमाबाई : मग बरं. नायतर मला झोप नसती लागली.